दुपारी १२ ते ४

प्रिय मुक्ता,

चंद्रपूरला पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. 'पोचले. बरी आहे.' खोलीवर कूलर आहे की नुसता पंखा, पाणी किती पोटात गेलं, यातलं त्यात काही नाही. असो. उन्हाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. लिहायचंय ते अक्षय तृतीयेच्या पंगतीत जे झालं त्याबद्दल.

नानाकाका तुझ्यावर रागावून बसलेत असं समजू नकोस. काकू म्हणत होती, कोराडीच्या वीज केंद्रातल्या जुन्या डायऱ्या काढून काहीतरी आकडेमोड चाललीये. तुझं ते वाक्य, 'तुमच्यासारख्यांनीच जाळलंय हे सगळं,' त्यांच्या डोक्यातून जात नाहीये. जन्मभर बॉयलरसमोर उभं राहिलेल्या माणसाला हे पुरणपोळीच्या पानावर ऐकवायचं नसतं, बाई. आणि न सांगता पहाटेची गाडी पकडायची तर मुळीच नसते.

तू दोन प्रश्नांची गाठ मारलीस. पृथ्वी तापतेय ती कशामुळे, हा एक. त्याचा जाब कोणाला विचारायचा, हा दुसरा. पहिला मोजमापाचा आहे आणि त्याचं उत्तर मिळालेलं आहे. दुसरा न्यायाचा आहे, त्यावर माणसं भांडणारच. नानाकाकांनी शंका काढल्या पहिल्यावर, पण झोंबला होता त्यांना दुसरा. बाहेरही बहुतेक वाद असेच होताना दिसतात. जबाबदारी अंगावर येईल असं वाटलं की माणूस थेट तापमापकावरच अविश्वास दाखवतो.

आता त्यांचे मुद्दे. पहिला ५६ अंशांचा. ३० मे २०२४ ला नागपुरात रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या जागेवरच्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. 'तुमचे आकडेच असे,' म्हणाले ते, आणि तू चिडलीस. चिडायचं काऊन? तो आकडा चूक आहे हे सांगितलं कोणी, तर खात्यानेच. त्याच दिवशी वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेतलं केंद्र ४४ च्या आसपास होतं. सपाट शहरात, भर दुपारी, काही किलोमीटरच्या अंतरात हवेत १२ अंशांचा फरक पडत नाही. म्हणून आधी शेजारच्या केंद्राशी ताडून बघायचं, मग केंद्रावर जाऊन कवच, केबल आणि जोडण्या तपासायच्या. कवचाच्या फटीत धूळ आणि कोळिष्टकं बसली की वारा आत खेळत नाही, पांढरा रंग पिवळा पडला की ऊन शोषलं जातं. जुन्या लाकडी पेटीचंही तेच: दार उत्तरेला, तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, खाली डांबर किंवा फरशी नको. यातलं एक चुकलं की आकडा चुकतो. पण प्रत्येक चूक वरच्याच दिशेने जाते असं नाही.

'दुरुस्त्या करून तापमान वाढवून दाखवतात' हेही ते म्हणाले. यावर तुझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून सांगते. पूर्वी जहाजावरून कॅनव्हासची बादली समुद्रात सोडून वर ओढायचे आणि त्या पाण्याचं तापमान घ्यायचे. ओल्या कॅनव्हासवरून बाष्पीभवन होतं, म्हणजे वर येईपर्यंत पाणी थोडं गार व्हायचं. ओल्या फडक्याच्या तापमापकाचं तत्त्व तेच. त्यामुळे जुनी समुद्राची तापमानं खरी होती त्यापेक्षा कमी नोंदली गेली. ती दुरुस्त केली की जुना काळ किंचित उबदार ठरतो, आणि एकूण वाढ थोडी *कमी* दिसते. सगळ्या जगाचा हिशेब धरला तर दुरुस्त्यांचा परिणाम असा उलटा आहे. आणि ही वाढ नुसती शहरातल्या सिमेंट रोडची आणि एसीची म्हणावी, तर वाढलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्रात गेलीये, तिथे ना सिमेंट रोड ना एसी.

रिचर्ड म्युलर नावाचे बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ आहेत. त्यांनाही केंद्रांच्या दर्जाबद्दल, शहरी उष्णतेबद्दल नेमक्या याच शंका होत्या. त्यांनी स्वतंत्र गट करून सगळी आकडेवारी नव्याने मांडली, आणि २०१२ मध्ये जाहीर सांगितलं की वाढ खरी आहे आणि जवळजवळ सगळी माणसामुळे आहे. नानाकाकांना शास्त्रज्ञांच्या एकमताची टक्केवारी सांगून उपयोग नाही. ते एकमताला मान देणारे नाहीत, ताळेबंदाला देतात. तेव्हा ताळेबंदच मांड.

तो असा. कोराडीचा ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने तासभर चालला की ६ लाख ६० हजार युनिट वीज. युनिटमागे ६५० ग्रॅम कोळसा धर, म्हणजे ४३० टनांच्या जवळपास. आपल्या कोळशात राखच तिसऱ्या हिश्शाहून जास्त, त्यामुळे कार्बन ३८ टक्के धरू. झाला १६३ टन. जळताना कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ लागतात, म्हणजे १२ चे ४४ होतात. ६०० टन कार्बन डायऑक्साइड, एका संचाचा, एका तासाचा. टक्केवारी त्यांना कमीजास्त वाटेल, ती त्यांनाच भरू दे. खाणीप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे कोळसा कसा बदलतो हे तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

मग जगाचा. हवेत या वायूचं प्रमाण दशलक्षात एका भागाने वाढायला साधारण ७.८ अब्ज टन लागतात. कोळसा, तेल, वायू, सिमेंट आणि जंगलतोड मिळून माणूस वर्षाला ४० अब्ज टनांच्या घरात सोडतो. म्हणजे दरवर्षी पाच भाग वाढायला हवेत. वाढतात अडीचच्या आसपास. उरलेलं समुद्राने आणि झाडांनी घेतलं. म्हणजे निसर्ग जमेला टाकत नाहीये, उलट आपलं अर्धं तोच उचलतोय! बाहेर पडतं त्यापेक्षा साठतं कमी, मग साठलेलं आलं कुठून हा प्रश्नच उरत नाही. बॉयलरवाला माणूस हे एका दमात मान्य करेल. औद्योगिक काळाआधी २८० भाग होते, १९५८ मध्ये कीलिंग या शास्त्रज्ञांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआला मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५, आता ४२० च्या वर. ज्वालामुखींचं उत्सर्जन माणसाच्या एक टक्काही नाही, ते एका ओळीत संपव.

आणि सूर्य? सूर्य तापला असता तर वरचं आणि खालचं दोन्ही वातावरण तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतंय. स्युकुरो मानाबे यांनी हे १९६७ मध्येच गणिताने दाखवलं होतं. २०२१ चं नोबेल मिळालं त्यांना. अजून एक नानाकाकांना आवडेल असं. हवेतल्या वाढत्या कार्बनचा आणि वाढत्या तापमानाचा संबंध १९३८ मध्ये आकडेवारीने मांडला तो गाय कॅलेंडर यांनी, आणि ते हवामानशास्त्रज्ञ नव्हते, वाफेचे इंजिनिअर होते.

त्यांचं जे बरोबर आहे ते मात्र आधी मान्य कर. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील हे वाक्य आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या, २००७ च्या अहवालात होतं, ते चूक होतं आणि २०१० मध्ये त्यांनी तशी कबुली दिली. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ मध्ये ०.७ अंशानेच वाढलं, जगापेक्षा कमी, हेही खरं. हवेतली धूळ-धूर आणि सिंचन यांनी थोडी झाकली ती वाढ. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पुरावर तू बोललीस ते तोलून नव्हतं. गरम हवा अंशामागे सात टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे असा पाऊस जास्त जोराचा होण्याची शक्यता वाढते, इथवर ठीक. पण घरांत पाणी शिरलं ते नाग नदीचं पात्र आवळलं म्हणूनही. सगळंच हवामान बदलाच्या खात्यावर टाकलं की अतिक्रमण करणारे आणि परवानगी देणारे मोकळे सुटतात.

राहिला जाबाचा प्रश्न. इथे नानाकाका म्हणाले तेच भारत १९९२ च्या रिओ परिषदेपासून म्हणतोय: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. आतापर्यंतच्या एकूण उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा जवळपास चौथा हिस्सा, आपला तीन टक्क्यांच्या आसपास. आज माणशी आपण वर्षाला दोन टन, ते चौदाच्या आसपास. म्हणून आपण काहीच करायचं नाही, असं निघत नाही. पुढचा कोळसा कोणाचाही असला तरी हवा एकच आहे. पण कोराडीच्या पाळीवरच्या माणसाला आरोपी करणंही त्यातून निघत नाही. ज्या दिव्याखाली तू अभ्यास केलास तो त्याच संचावर पेटत होता आणि बारावीला तुझी गणितं रात्री बारापर्यंत त्यांनीच करून घेतली होती. किती ओरडायचे! 'एकक लिहायला विसरलीस की उत्तर शून्य.' तुझ्या अहवालात एककं इतकी चोख असतात ती कुठून आली, ते मला ठाऊक आहे. तुझ्या बाबांना अभिमान बोलून दाखवता येत नाही. तो अहवाल त्यांनी वाचनालयातल्या तिघांना तरी दाखवलाय.

व्याख्यान झालं. तुला राग येईल, येऊ दे. माफ कर पण वाच.

आणि आता उन्हाचं. राहवत नाही. तू पुण्याहून, एसीच्या ऑफिसातून थेट चंद्रपूरच्या मे महिन्यात गेलीयेस. शरीराला ऊन अंगवळणी पडायला एक-दोन आठवडे लागतात. नव्या माणसाने पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाइतकंच उन्हात करायचं, रोज तेवढंच वाढवायचं. वीटभट्टीवरच्या बायकांना सोसाव्या लागणाऱ्या उष्णतेचं मोजमाप घेणार आहेस, त्या सरावलेल्या आहेत, तू नाहीस. दुपारी १२ ते ४ उपकरण तिथे राहू दे, तू सावलीत बस.

उपकरणाचंही सांगते. उघड्यावरचा उष्णतेच्या ताणाचा आकडा (WBGT) काढताना ओल्या फडक्याचं तापमान ०.७ ने, काळ्या गोलकाचं ०.२ ने आणि सावलीतल्या हवेचं ०.१ ने गुणून बेरीज करायची, हे तुला पाठ आहे. हवा ४४, ओलं २५, गोलक ५८ असेल तर ३३.५ येतो. सरावलेल्या माणसालाही मध्यम कष्टाची मर्यादा २८ आहे. गोलक स्थिर व्हायला वीसेक मिनिटं लागतात, घाईने वाचलास तर आकडा कमी येईल आणि लोक म्हणतील 'एवढं काही नाही.' भट्टीच्या भिंतीला लागून ठेवशील तर जास्त येईल आणि नानाकाकांसारखा कोणी तेवढंच धरून बसेल. दोन्ही नोंदी घे, अंतर लिहून. फडक्याला नळाचं पाणी नको, क्षार बसले की ते नीट ओलं राहत नाही आणि तापमान चढं दिसतं. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं.

मेमध्ये आपल्याकडे घाम कपड्यावर दिसायच्या आधीच वाळतो, म्हणून पाणी गेल्याचं कळत नाही. दर वीस मिनिटांनी पेलाभर, तहान लागो न लागो. ओआरएस संपलं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नको. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पारा उतरला म्हणून निर्धास्त होऊ नकोस, दमटपणा वाढला की ओलं तापमान चढतं आणि घाम वाळत नाही, ते दिवस जास्त वाईट. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, चाल अडखळली, की तो उष्माघात. आधी गार करायचं, मग गाडी शोधायची. अंगावर पाणी ओतून वारा घालायचा, काखेत आणि जांघेत बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. ते कोणी तूही असू शकतेस, म्हणून एकटी जाऊ नकोस. १२ ते ४ तर नाहीच.

नानाकाकांना फोन केलास तर माफी वगैरे लांबवू नको, त्यांना अवघडायला होतं. ते ६०० टनांचं गणित सांग आणि कार्बनची टक्केवारी विचार. ते तुझ्या चुका काढतील, काढू दे.

कुरिअरने मलमल पाठवलीये. नवी आहे, तिला खळ असते; सोडा घालून उकळ, दोनदा साध्या पाण्यातून आणि शेवटी डिस्टिल्डमधून काढ, तोवर फडकं म्हणून बांधू नकोस. सोबत ओआरएसची पाकिटं आहेत, ती भट्टीवरही वाट.

तुझी
आई