आभासी सहलींची यादी नको, रीत छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरबसल्या जग दाखवणाऱ्या संकेतस्थळांच्या याद्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून अधूनमधून छापून येतात. पन्नास संग्रहालये, पंचवीस शहरे, सगळे फुकट. ज्या ज्येष्ठांना बाहेर पडणे अवघड झाले आहे त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे, यात वाद नाही. पण अशी यादी समोर घेऊन बसलेला ज्येष्ठ वाचक बहुधा तिसऱ्या-चौथ्या दुव्यावर कंटाळतो, नाहीतर त्याला गरगरायला लागते, आणि ‘हे आपल्याच्याने व्हायचे नाही’ म्हणून तो टॅबलेट बाजूला ठेवतो. काय पाहायचे ते यादीत असते; कशावर, किती वेगाने आणि कुणाच्या हाताने पाहायचे ते नसते. ज्येष्ठांना हे शिकवण्याचे काम आम्ही करतो, म्हणून हे पत्र.

सुरुवात फिरत्या चित्राने करू नये, स्थिर चित्राने करावी. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रँटच्या १६४२ सालच्या ‘नाइट वॉच’ या चित्राची ७१७ अब्ज पिक्सेलची (म्हणजे चित्र बनवणाऱ्या बारीक ठिपक्यांची) प्रतिमा २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ८,४३९ छायाचित्रे जोडून ती तयार झाली आहे. साडेचार मीटर रुंदीचे हे चित्र संग्रहालयात काही अंतरावरूनच पाहावे लागते. घरी मात्र एखाद्या सैनिकाच्या डोळ्यातला पांढरा ठिपका आणि त्यावर पडलेली भेग दिसेपर्यंत जवळ जाता येते. चित्र आपोआप हलत नाही, त्यामुळे चक्कर येत नाही. नजर कमी झालेल्या माणसालाही ते हवे तेवढे मोठे करता येते. एक खोच लक्षात ठेवावी: मोठे केल्यावर चित्र आधी धूसर दिसते आणि काही सेकंदांनी स्पष्ट होते. तेवढ्यात अधीर होऊन पुन्हा पुन्हा बटण दाबले की आपण भलत्याच कोपऱ्यात जाऊन पोचतो. एकदा दाबावे आणि थांबावे.

यानंतरची पायरी म्हणजे एका जागी उभे राहून चहूकडे पाहता येणारे चित्र. व्हॅटिकन संग्रहालयांच्या संकेतस्थळावर सिस्टीन चॅपेल असे पाहता येते. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेले छत जमिनीपासून सुमारे २० मीटर उंच आहे. तिथे मान मागे टाकूनच ते पाहावे लागते, इथे मान सरळ राहते. बोटाने किंवा माउसने चित्र ओढताना मात्र बहुतेक जण गोंधळतात, कारण वर पाहायचे तर चित्र खाली ओढायचे असते आणि उजवीकडे पाहायचे तर डावीकडे. सवय होईपर्यंत संगणकाच्या कळफलकावरच्या बाणांच्या कळा वापरून पाहाव्यात. त्या बऱ्याच ठिकाणी चालतात, आणि उजवा बाण दाबला की उजवीकडेच वळते.

गूगल मॅप्सवरचा स्ट्रीट व्ह्यू २००७ पासून आहे, आणि आमच्या मते ज्येष्ठांसाठी सगळ्यात उपयोगाचा प्रकार हाच. संकटेही यातच जास्त. संगणकावर नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा पिवळा माणूस असतो. तो माउसने धरून उचलला की चित्रे उपलब्ध असलेले रस्ते निळे होतात. माणूस निळ्या रेषेवरच सोडायचा. निळे ठिपकेही दिसतात, पण ती लोकांनी टाकलेली सुटी चित्रे असतात. तिथे उतरले की बहुधा पुढे जायला रस्ताच नसतो आणि पाहणाऱ्याला वाटते संगणक अडकला. रस्त्यावर उतरल्यावर डावा-उजवा बाण वळण्यासाठी, वरचा-खालचा बाण पुढे-मागे जाण्यासाठी. चालता चालता एकदम एखाद्या दुकानाच्या आत पोचलात तर वाट शोधत बसू नका, मागे जाण्याचे बटण दाबा. संग्रहालयांच्या आतल्या अशा सहलींत एखादे चित्र मुद्दाम धूसर केलेले आढळते. ते स्वामित्वहक्कामुळे, नेटला दोष देऊ नये.

चित्र कोणत्या महिन्यात आणि कोणत्या साली घेतले ते कोपऱ्यात लिहिलेले असते. त्या ठिकाणी एकाहून अधिक वेळा चित्रे घेतली असतील तर जुन्या तारखा निवडता येतात. पूर्वी जिथे राहिलो, नोकरी केली, शिकलो ती गल्ली पाहण्याची ओढ ज्येष्ठांना परदेशातल्या राजवाड्यांहून अधिक असते. ती जरूर पुरवावी, पण सोबत बसणाऱ्याने आधी स्वतः एकदा तिथे फिरून यावे. घर पाडलेले असेल तर ते मोठ्या पडद्यावर अचानक समोर येऊ नये. जुन्या तारखेचे चित्र आधीच लावून ठेवावे. विस्मरणाचा त्रास असलेल्या व्यक्तीला ‘हे कुठले, आठवते का?’ असे विचारू नये, त्याची परीक्षा होते. ‘हा कोपऱ्यावरचा चौक’ असे आपणच सांगावे आणि गप्प बसावे. बोलायचे असेल तर ती व्यक्ती बोलते.

आता गरगरण्याविषयी. डोळे सांगतात आपण हलतो आहोत, आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण खुर्चीत बसलो आहोत. या विसंगतीने मळमळ होते. पडदा जितका मोठा आणि जवळ, तितका त्रास अधिक. म्हणून खोलीत दिवा चालू ठेवावा, म्हणजे पडद्याभोवतीची स्थिर भिंतही नजरेत राहते. आपोआप गोल फिरण्याची सोय काही सहलींत सुरूच असते. ती पहिल्यांदा बंद करावी. चौथाई वळण घ्यावे, पाच-सात सेकंद थांबावे, मग पुढचे. जांभया, तोंडाला पाणी सुटणे, कपाळावर घाम ही पहिली चिन्हे आहेत. तिथेच डोळे मिटावेत आणि त्या दिवशी पाहणे थांबवावे. ‘थोडेच राहिले आहे’ म्हणून रेटले तर त्रास पुढे बराच वेळ टिकतो. चालत घेतलेल्या चित्रफितींत कॅमेरा वरखाली हिंदकळत असेल तर ती फीत सोडून द्यावी, स्थिरक (कॅमेरा हलू न देणारे साधन) वापरून घेतलेल्या पुष्कळ सापडतात. आगगाडीच्या इंजिनातून घेतलेल्या फिती बऱ्याच जणांना आवडतात, पण त्यांतही बोगद्यांपाशी उजेड-अंधार झपाट्याने बदलतो. तिथे नजर बाजूला घ्यावी. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने २००९ मध्ये बर्गन ते ऑस्लो हा सुमारे सात तासांचा रेल्वेप्रवास सलग दाखवला होता. असा प्रवास रोज अर्धा तास, कालच्या जागेपासून पुढे, अशा हप्त्यांनी फार छान होतो.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की माउस ज्याच्या हातात त्याला सहसा कमी गरगरते. गाडी चालवणाऱ्याला घाट सहसा लागत नाही, तसेच हे. घरातला तरुण माणूस भराभर फिरवून ‘हे बघा, ते बघा’ करतो आणि शेजारचे बिचारे मान हलवतात. नियंत्रण पाहणाऱ्याच्याच हाती द्यावे. हात थरथरत असतील तर टचपॅडऐवजी साधा माउस द्यावा आणि सेटिंगमध्ये कर्सरचा वेग कमी, आकार मोठा करावा. फोन वा टॅबलेट हातात न धरता स्टँडवर ठेवावा. अनेक सहलींत फोन हलला की चित्र हलते, त्यामुळे हाताची थरथर थेट पडद्यावर उतरते. ही सोय होकायंत्रासारख्या दिसणाऱ्या चिन्हावरून बहुधा बंद करता येते.

मान दुखण्याचे कारण पुष्कळदा चष्म्यात असते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो. लॅपटॉप उंच ठेवला की हनुवटी वर करून पाहावे लागते आणि वीस मिनिटांत मान आखडते. पडदा डोळ्यांच्या पातळीच्या बराच खाली असावा. रोज पाहणाऱ्यांनी नेत्रतज्ज्ञांकडून त्या अंतराचा स्वतंत्र चष्मा करून घेतलेला बरा.

टीव्हीवर दाखवायचे असेल तर एचडीएमआय केबल आम्हाला अधिक भरवशाची वाटते. केबल लावून रिमोटवरून तो इनपुट निवडावा; विंडोजचा लॅपटॉप असेल तर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ (दोन्हीकडे एकच चित्र) घ्यावे. चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपमधूनच, असे झाले तर खालच्या ध्वनिचिन्हातून टीव्ही निवडावा. बिनतारी पद्धतीने फोन जोडताना टीव्ही यादीत दिसत नसेल तर दोन्ही एकाच वायफायवर आहेत का ते पाहावे. फोन पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल तर टीव्ही सापडत नाही. जोडण्यापूर्वी फोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावावे, नाहीतर खासगी निरोप सगळ्यांसमोर झळकतात. पडदा बंद होण्याची वेळही वाढवून ठेवावी, कारण स्थिर चित्र निवांत पाहत असताना फोन झोपी जातो.

३६० अंशांच्या, म्हणजे चहूकडे वळून पाहता येणाऱ्या, चित्रफिती मोठ्या टीव्हीवर अंधूक का दिसतात, हा नेहमीचा प्रश्न. हिशेब सोपा आहे. फोर-के फितीत आडवे ३,८४० पिक्सेल असतात, पण ते चारी दिशांना वाटलेले. आपल्यासमोर एका वेळी चौथा हिस्सा, म्हणजे ९६० च्या आसपास येतात. म्हणून अशा फिती टॅबलेटवर पाहाव्यात आणि टीव्हीसाठी साध्या फिती ठेवाव्यात.

थेट प्रक्षेपणाची गंमत वेगळी. तिथे काही घडेलच असे नाही आणि तेच त्यातले सुख. अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स धबधब्यावर जुलैमध्ये अस्वले सामन मासे पकडतात, ते कॅमेऱ्यावर दिसते. पण आधी तिथले घड्याळ पाहावे. तिथे मध्यरात्र असेल तर पडदा काळाच असणार. हिवाळ्यात त्याच पानावर जुने चित्रण लागते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा घालते आणि प्रत्येक फेरीत बराच वेळ अंधाऱ्या बाजूला असते. तिथल्या कॅमेऱ्याचे चित्र काळे झाले तर टीव्हीवर थापट्या मारू नयेत. अर्ध्या-पाऊण तासाने परत यावे.

निवेदन नीट कळत नसेल तर यूट्यूबवर वेग ०.७५ करावा आणि उपशीर्षके लावावीत. आपोआप झालेल्या मराठी भाषांतरात नावे आणि सनावळ्या पुष्कळदा बिघडतात, त्यावर विसंबू नये.

डोक्यावर चढवायच्या व्हीआर (आभासी वास्तव दाखवणाऱ्या) उपकरणाबद्दल आमचे मत सावध आहे. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, चष्म्यावर दाब, श्रवणयंत्राला अडथळा, आणि शेजारी बसलेल्याला काहीच दिसत नाही, त्यामुळे गप्पा संपतात. वापरायचेच तर हात असलेल्या, चाके नसलेल्या खुर्चीत बसून, दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ, शेजारी कोणीतरी असताना. फीट येण्याचा त्रास किंवा पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. उभे राहून मुळीच नको. काढल्यावरही लगेच उठू नये.

एक इशारा. संग्रहालयांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरच्या मोफत सहलींसाठी कार्डाचा क्रमांक लागत नाही. ‘मोफत जगप्रवास’ म्हणत कोणी कार्ड, ओटीपी मागितला, किंवा मदतीच्या नावाखाली आपला पडदा त्याला दिसेल असे ॲप टाकायला सांगितले, तर तिथेच पान बंद करावे. पैसे देऊन मार्गदर्शकासह थेट सहल घेणार असाल तर दोन गोष्टी आधी विचारा: सहल खरोखर थेट आहे की आधीच चित्रित केलेली, आणि मार्गदर्शक बोलताना थांबतो का. चालत चालत बोलणाऱ्याचा कॅमेरा हलतो आणि आवाजात वारा शिरतो.

संपादक महाशय, आपल्याकडे विनंती एवढीच. पन्नास ठिकाणांऐवजी आठवड्याला एक द्या. सोबत त्या ठिकाणचा नकाशा, पाहण्यासारख्या तीन गोष्टी, लागणारा वेळ, चित्र हलते की स्थिर आहे, आवाज आहे का, आणि थेट असेल तर तिथली योग्य वेळ छापा. क्यूआर कोड किमान अडीच सेंटिमीटरचा असावा, पानाच्या घडीवर येऊ देऊ नये, आणि रंगीत पार्श्वभूमीवर छापू नये. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि लहान कोड फोनला वाचता येत नाही. ज्यांना कोड जमत नाही त्यांच्यासाठी खाली गूगलवर शोधायचे शब्द मराठीत, मोठ्या टायपात द्यावेत.

आपले,
ज्येष्ठांच्या संगणक-मोबाइल वर्गाचे शिक्षक