'अनकट' गप्पांना प्रेक्षक का चिकटतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यूट्यूबवरच्या शिवराळ 'अनकट' (म्हणे न कापलेल्या) मुलाखतींवर बंदी घाला, अशी पत्रे या सदरात येत असतात. राग समजतो, पण लोक शिव्या ऐकायला थांबतात, हे काही पटत नाही. नुसत्या शिव्यांना कान लगेच सरावतो आणि बोट पुढच्या व्हिडिओवर जाते. नाथांच्या भारुडांच्या मुलखाला रोखठोक बोलण्याचे अप्रूप ते किती असणार!

माणूस थांबतो तो पाठ केलेली उत्तरे कधी संपतात हे बघायला. वाहिनीवरच्या चर्चेत पडद्यावर सहा चौकटी, मधे जाहिराती. वाट्याला आलेल्या दोन-तीन मिनिटांत पुढारी ठेवणीतली वाक्ये बोलून मोकळा होतो. दोन तासांच्या गप्पांत ठेवणीतले सगळे सरते. पीकविम्याचा तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की सूर बदलतो. 'मग नाव घ्या की' म्हटल्यावर क्षणभर जी शांतता पडते, ती वाहिनीवाले कापतात. इथे मुद्दाम ठेवतात. कलगी-तुऱ्यात सवाल पडल्यावर उठून कोण जाईल?

बाकी सगळी संकलनाची कारागिरी. सर्वांत भडक वाक्य पहिल्या ३० सेकंदांत लावायचे, कारण तेवढ्यात किती प्रेक्षक टिकले ते यूट्यूब चॅनेलवाल्याला वेगळे दाखवते. मूळ वाक्य मात्र थेट पन्नासाव्या मिनिटाला. ८ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मधे जाहिराती घालता येतात, म्हणून लांबण परवडते. 'बीप' म्हणजे साधारण १००० हर्ट्झचा सूर. तो शब्दाच्या मधोमधच टाकतात; पहिले-शेवटचे अक्षर कानी पडते आणि शिवी ऐकणाराच पुरी करतो. तेव्हा 'अनकट'वर कात्री चालत नाही असे कुणी समजू नये. पुढे त्यातूनच ३ मिनिटांच्या आतले शॉर्ट्स निघतात. त्याखाली चिडून लिहिलेली प्रतिक्रियाही प्रतिसाद म्हणूनच मोजली जाते, म्हणजे संतापलेला वाचकही गिऱ्हाईकच.

बिघडते ते पाहुण्यांवरून. दर भागाला मागच्याहून जहाल माणूस लागतो, आणि जिल्ह्यात असे असून असून किती असणार? मग आहे त्यालाच डिवचायचे. शिव्यांचा भडिमार झाला की जाहिराती आटतात. चॅनेलवाले त्याला 'पिवळा डॉलर लागला' म्हणतात. मजकूर अश्लील ठरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ आहेच: पहिल्या दोषसिद्धीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंडियाज गॉट लेटेंट' या यूट्यूबवरच्या विनोदी कार्यक्रमातल्या एकाच प्रश्नावरून गुन्हे दाखल झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि कार्यक्रमाचे सगळे भाग यूट्यूबवरून उतरवले गेले.

आपल्याला विनंती एवढीच, की अशा कार्यक्रमातले वाक्य बातमीत घेताना ते कितव्या मिनिटाचे आणि त्याआधी प्रश्न काय होता, हेही छापावे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्लिपमधून नेमका प्रश्नच गायब असतो.

– एक व्हिडिओ संकलक, परभणी