चौथीच्या बाईंना, पाचवीतल्या एका मुलीच्या आईकडून

बाई, नमस्कार.

पाचवीची पहिली टर्म संपली, आता जरा निवांत वेळ मिळालाय म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्हाला थँक्यू म्हटलं होतं पण ते दोन मिनिटांत उरकलं, मनातलं काहीच बोलून झालं नाही. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण ज्यांची मुलं आत्ता चौथीत आहेत त्यांनी पण हे वाचावं असं मला फार वाटतं.

चौथी संपत आली तेव्हा तुम्ही आम्हा पालकांना शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचात. खरं तर मुलं तुमच्या हातून पुढे जाणार होती, पाचवीत त्यांचं काय होतं याचा हिशोब तुम्हाला कोणी मागणार नव्हतं, तरी तुम्ही आमच्यासाठी वेळ काढलात. आम्ही सगळे एकच प्रश्न घेऊन आलेलो, क्लास लावायचा का आणि गाईड कुठलं घ्यायचं. तुम्ही म्हणालात, "आधी मुलाला स्वतःचं दप्तर स्वतः भरता येऊ दे, मग क्लासचं बघू." तेव्हा दोन-तीन जण एकमेकांकडे बघायला लागले होते, पण मला त्या एका वाक्याने जो धीर आला तो अजून पुरतोय.

तुम्ही नीट समजावलंत की चौथीपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच बाई जवळजवळ सगळं शिकवतात, त्यामुळे कोण रात्री नीट झोपलं नाही, कोणाचं कोणाशी भांडण झालंय, कोणाची वही अपुरी आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं. पाचवीत दर तासाला वेगळे शिक्षक. एकांना समास आणि तारीख हवी, दुसऱ्यांना गृहपाठाची वही वेगळी हवी, तिसरे फळ्यावरचं पटकन पुसतात. आणि प्रत्येकाला मूल दिसतं ते फक्त आपल्या विषयापुरतं. "अख्खं मूल बघणारं शाळेत कोणी एक राहत नाही, ते काम आता घरी करायचं," हे तुमचं म्हणणं मी फ्रीजवर लिहून लावलंय. पहिल्या चाचणीत मार्क कमी आले तरी मूल कच्चं झालं असं समजू नका, अर्धी ताकद नवीन घडी बसवण्यातच जाते, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं. त्यामुळे मार्क खरंच उतरले तेव्हा आमच्याकडे कोणाचा आवाज चढला नाही. आम्ही पेपर घेऊन बसलो आणि एवढंच बघितलं की कुठलं चुकलंय ते समजलं नव्हतं म्हणून, आणि कुठलं प्रश्न नीट न वाचल्यामुळे. दोन्हीचे उपाय वेगळे, हेही तुमचंच.

दप्तराचं तुम्ही टप्प्याटप्प्याने करायला सांगितलंत. आधी वेळापत्रक समोर ठेवून दोघींनी मिळून भरायचं, मग तिने भरायचं आणि मी बघायचं, मग फक्त "भरलंस का" विचारायचं आणि शेवटी तेही सोडून द्यायचं. या वयात प्लॅनिंग आपोआप जमत नाही, मेंदूचा पुढचा भाग, जो हे काम बघतो, तो पंचविशीपर्यंत घडतच असतो, म्हणून एकदम सोडून द्यायचं नाही आणि जन्मभर धरूनही ठेवायचं नाही, असं तुम्ही म्हणालेलात. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या साधारण १० टक्क्यांवर जाऊ देऊ नका हेही सांगितलंत, म्हणजे ३० किलोच्या मुलीच्या पाठीवर ३ किलो. आता ती स्वतःच वजनकाट्यावर आधी दप्तर घेऊन आणि मग दप्तराशिवाय उभी राहते आणि वजाबाकी करते :)

पण बाई, सगळ्यात मोठे उपकार वाचनाचे. माझी लेक घडाघडा वाचते, म्हणून तिकडे बघायचं काही आहे असं आमच्या मनातच आलं नव्हतं. तुम्ही जीन चॉल या अमेरिकन अभ्यासक बाईंचं म्हणणं सांगितलंत, की सुरुवातीच्या इयत्तांमध्ये मूल वाचायला शिकतं आणि चौथीच्या आसपास पारडं फिरतं, मग ते शिकण्यासाठी वाचायला लागतं. गोष्टीची भाषा ओळखीची असते, विज्ञान-भूगोलाच्या धड्याची नसते. एका परिच्छेदात बाष्पीभवन, सांद्रीभवन, आर्द्रता असे तीन शब्द आले की मूल वाचतं अगदी छान पण हाताला काही लागत नाही, आणि प्रश्न विचारला की आपण म्हणतो लक्ष नाही. तुम्ही जी पद्धत दिलीत ती आम्ही अजून सोडलेली नाही. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, आपल्या शब्दांत सांगायचं, अडलं की उघडून तेवढंच बघायचं. पुन्हापुन्हा वाचत बसण्यापेक्षा आठवून सांगितलेलं जास्त दिवस टिकतं हे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगातून दाखवलंय असं तुम्ही म्हणालात. लेकीला सुरुवातीला ते अजिबात आवडायचं नाही, कारण वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि पुस्तक मिटलं की खरं काय ते कळतं. आता मात्र ती आजोबांना समोर बसवून धडा सांगते, आजोबा मुद्दाम शंका काढतात, मग ही पुन्हा पुस्तकात डोकं घालते. पाठांतरासाठी होणारी रडारड आमच्या घरातून गेली बाई, खरंच गेली.

आणि अपूर्णांक! गणितात फक्त भागाकार आणि अपूर्णांक पक्के करून घ्या, बाकी पुढचे सर घेतील, असं तुम्ही निक्षून सांगितलंत. कारणही दिलंत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची माहिती तपासली, त्यात साधारण दहाव्या वर्षी भागाकार आणि अपूर्णांक ज्यांना समजलेले होते त्यांचं पाच-सहा वर्षांनंतरचं गणित चांगलं निघालं, घरची परिस्थिती आणि बुद्धिमापन हिशोबात धरूनही. तुम्ही कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या आमच्या हातात दिल्यात आणि आम्हा मोठ्यांनाच घड्या घालायला लावल्यात. तिनापेक्षा पाच मोठे म्हणून एक तृतीयांशापेक्षा एक पंचमांश मोठा, असं मुलांना का वाटतं ते घडी घालताना कळतं, जितके भाग जास्त तितका एकेक भाग छोटा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश याचं उत्तर मुलं दोन पंचमांश लिहितात, वरचे वर मिळवून आणि खालचे खाली मिळवून. तुम्ही म्हणालात लगेच "चूक" म्हणू नका, विचारा की अर्ध्यात अजून काहीतरी मिळवलं तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल? हाच प्रश्न मी लेकीला विचारला. ती पट्टीकडे बघत बसली, मग स्वतःच खोडून पाच षष्ठांश काढलं. तिला रीत मी शिकवली नव्हती, तिने सहा भागांच्या घडीवर मोजून काढलं. मला तेव्हा तुमची इतकी आठवण आली.

शाबासकी कशी द्यायची हेही शिकण्यासारखं असतं हे मला तुमच्यामुळे कळलं. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचे १९९८ चे प्रयोग पाचवीच्याच मुलांवर होते, ज्यांना "हुशार आहेस" म्हटलं ती मुलं पुढे अवघड कोडी आल्यावर लवकर खचली, ज्यांना "मेहनत घेतलीस" म्हटलं ती टिकून राहिली. आमच्याकडे तर येणारा-जाणारा प्रत्येक जण हिला हुशार म्हणतो, ते काही मी थांबवू शकत नाही, पण निदान आम्ही दोघं आता काय केलंस, कसं सुचलं असं विचारतो.

झोपेचं पण ऐकलं हां, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. शाळा सुरू व्हायच्या आधीपासून झोपायची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणली, फोन झोपायच्या खोलीबाहेर, मोठ्यांचे पण.

आता एक गोष्ट जी बोलायला बाकीचे टाळतात आणि तुम्ही टाळली नाहीत. शेवटच्या बैठकीत तुम्ही शांतपणे सांगितलंत की मुलींच्या शरीरात ८ ते १३ आणि मुलांच्या ९ ते १४ या वयात कधीही बदल सुरू होतात, त्यामुळे एकाच वर्गात कोणी एकदम मोठं दिसेल आणि कोणी लहानच, दोन्ही ठीक आहे, आणि पाळीबद्दल मुलीला ती यायच्या आधी माहिती हवी, आल्यावर घाबरून नाही. मुलग्यांच्या आईवडिलांनाही उठू दिलं नाहीत. मुलग्यांनाही हे माहीत असलं की ते कोणाची चेष्टा करणार नाहीत असं म्हणालात. त्या दिवशी खोलीत सुरुवातीला सगळे खाली बघत होते पण निघताना दोन बाबा तुमच्याशी बोलायला थांबले, मी बघितलं. घरी येऊन मी लेकीशी बोलले, दप्तरात एक छोटी पिशवी ठेवली, तिला ती कशाला आहे ते माहीत आहे. मागे तिच्या वर्गातल्या एका मुलीला गरज पडली तेव्हा ती पिशवी हिने दिली आणि तिला घेऊन बाईंकडे गेली. मला हे घरी आल्यावर अगदी सहज सांगितलं. बाई, याचं श्रेय तुमचंच आहे.

एका बाबतीत मात्र माझं मत जरा वेगळं आहे, तुम्हाला सांगायलाच हवं. गृहपाठ राहिला तर राहू दे, शाळेत उत्तर तिला देऊ दे असं तुम्ही म्हणता. ते मला पटतं, पण पहिल्या महिन्याभरात नाही. तेव्हा नवीन शिक्षकांची भीतीच इतकी असते की त्यात बोलणी बसली तर काही मुलं त्या विषयावरच फुली मारतात. आम्ही पहिला महिना रोज संध्याकाळी शेजारी बसलो, मग सोडलं. तुमचं यावर काय म्हणणं आहे ते ऐकायला आवडेल.

तुमच्या आत्ताच्या चौथीच्या पालकांची बैठक आता जवळ आली असेल. आम्ही काही जण यायला तयार आहोत, पट्ट्या कापून आणू, खुर्च्या लावू आणि कोणाला घरी नक्की काय केलं ते विचारायचं असेल तर सांगू. पाळीच्या विषयावर बोलायला लेकीचे बाबाही येतो म्हणालेत, वडिलांचं बोलणं वडील जास्त ऐकतील असं त्यांना वाटतं. शनिवारी दुपारी कधीही जमेल, फक्त आदल्या दिवशी कळवा.

तुमची,
मागच्या वर्षीच्या चौथीतल्या एका मुलीची आई