मधली चित्रं

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तुमच्या औषधांची चौकशी करून फोन ठेवला. म्हणून लिहायला बसले.

मागच्या वेळी मी आले होते तेव्हा बाबा, तुम्ही कपाटातून निळी फाईल काढलीत. “एकदा बघून ठेव, मी नसताना शोधाशोध नको,” म्हणालात. मी फाईल उघडलीसुद्धा नाही. “असलं काही बोलू नका हो,” म्हणून उठून गेले. आणि त्याच रात्री आई, दिवा मालवताना तू विचारलंस, “पुढच्या जन्मी मी कोण होईन गं?” मी म्हटलं, “झोप आता.” एका दिवसात दोघांनाही गप्प केलं मी. तेव्हापासून ते मनात टोचतंय.

कारण मी सध्या दिवसभर काढते काय, तर एका म्हाताऱ्या माणसाचं जाणं. सहा मिनिटांची ॲनिमेशन फिल्म आहे. तो खुर्चीतून उठतो, दाराशी जातो, दार उघडतो. कागदावरच्या मरणासमोर मी तासन् तास बसते आणि घरात तो विषय निघाला की पळून जाते.

बाबा, एक सांगायचं राहिलंय. त्या माणसाचं उठणं तुमचं आहे. मोबाईलवर तुमचा एक व्हिडिओ होता, तो पुन्हा पुन्हा थांबवून मी चित्रं काढली. फिल्ममध्ये सेकंदाला 24 फ्रेम असतात; एक चित्र आम्ही बहुतेक वेळा दोन फ्रेम ठेवतो, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. तरुण माणूस एका सेकंदात उठतो, 12 चित्रांत काम होतं. तुम्ही आधी दोन्ही हात खुर्चीवर टेकता, पुढे झुकता, थांबता, श्वास घेता आणि मग गुडघे सरळ करता. चार सेकंद. 48 चित्रं. हालचाल जितकी सावकाश, तितकं दोन चित्रांमधलं अंतर कमी आणि चित्रं जास्त. पहिल्या दिवशी मी 30 चित्रांतच उरकायला गेले, तर कुणीतरी त्या माणसाला दंडाला धरून ओढल्यासारखं दिसलं. मग सगळी 48 काढली. काढताना कळलं, की मध्ये थांबता तेव्हा तुम्ही अडकलेले नसता, तोल जुळवत असता. तुम्ही उठायला लागलात की मी लगेच हात पुढे करते ना, तो आता तुम्ही मागाल तेव्हाच करीन.

ही चित्रं मी मुद्दाम कागदावर काढते आहे, जुन्या पद्धतीनं. खाली काच, काचेखाली दिवा. आधीचं चित्र खाली ठेवायचं, त्यावर कोरा कागद. खालची रेघ पुसट दिसते, ती बघत बघत नवी रेघ किंचित सरकवून काढायची. पण चार-पाच कागद साठले की खालून उजेडच येत नाही. मग सगळ्यात खालचा कागद काढून घ्यावा लागतो. कॅमेऱ्यासमोरही तेच. आधीचं चित्र उचलल्याशिवाय पुढचं ठेवता येत नाही. ते तिथेच धरून ठेवलं तर माणूस हलतच नाही.

आई, तुझा पुनर्जन्म माझ्या हाताला कुठे लागला असेल तर तो इथे. कागद गेला, पण हाताचं वळण, मानेचा कल पुढच्या कागदात उतरला. बाबा लगेच म्हणतील, “वळण उतरलं ते काढणाऱ्याच्या हातामुळे, कागदाला त्याचं काय!” तेही खरंच आहे. ॲनिमेशन हा शब्द ज्या लॅटिन शब्दाशी जाऊन भिडतो, त्याचा अर्थच मुळी श्वास, प्राण. तो कागदात असतो की काढणाऱ्याच्या हातात, यावर तुम्ही दोघं खुशाल भांडा, मला ऐकायचंय.

तुम्हाला एक फिल्म दाखवायची आहे, ‘फादर अँड डॉटर’. 2000 सालची, मिखाएल डुडॉक डी विट या डच दिग्दर्शकाची. जेमतेम आठ मिनिटांची, संवाद एकही नाही. 2001 मध्ये तिला ऑस्कर मिळालं. वडील लहान मुलीचा निरोप घेऊन होडीत बसून निघून जातात. ती मुलगी आयुष्यभर सायकलवरून त्या काठाशी येत राहते. मोठी होते, मैत्रिणींबरोबर येते, मुलांना घेऊन येते, शेवटी वाकलेली म्हातारी होऊन येते. सायकल उभी करायला जाते तर ती पडते, पुन्हा उभी करते, पुन्हा पडते. मग ती सायकल तशीच टाकून खाली उतरते. पाणी केव्हाच आटलंय, गवत माजलंय आणि त्यात एक होडी अर्धी रुतलेली. ती होडीत अंग मुडपून निजते. उठते ती धावत सुटते आणि धावता धावता तरुण होत जाते. समोर वडील उभे.

नट-नट्या असत्या तर इथे म्हातारीला बाजूला करून दुसरी मुलगी आणावी लागली असती. चित्रात तीच बाई, त्याच धावण्यात, वय उतरवत जाते. मेलेला आणि जिवंत एकाच शाईचे. ती गेली की तिला स्वप्न पडलं, हे फिल्म सांगत नाही. आई, तू म्हणशील भेट झाली. बाबा म्हणतील, शेवटचं स्वप्न. बघाल मात्र दोघंही तेच.

‘कोको’ (2017) तुम्ही नातवंडांबरोबर पाहिलाय. जिवंत माणसांपैकी कुणीतरी आठवण ठेवतं तोवरच तिथले मृत टिकतात, नाहीतर दुसऱ्यांदा नाहीसे होतात. फिल्म मला आवडते, पण हा नियम लेक म्हणून मला जड जातो. माझ्या विसरण्यानं तुम्ही पुन्हा मराल, हे ओझं घेऊन मी कशी जगू? एखाद्या दिवशी तुमची आठवण आली नाही, तर त्यानं तुमचं काहीही बिघडू नये.

याच्या अगदी उलट, जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहातांची 2013 ची ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’. आठ वर्षं खपून पूर्ण केलेली त्यांची शेवटची फिल्म. प्रदर्शित झाली तेव्हा ते 78 वर्षांचे होते. बांबूत सापडलेली मुलगी म्हातारा-म्हातारी पोटच्या पोरीसारखी वाढवतात आणि तिला चंद्रावर परत जावं लागतं. न्यायला येणारे वाजतगाजत येतात, संगीत अगदी आनंदाचं. त्यांनी तिच्यासाठी आणलेलं वस्त्र अंगावर पडलं की पृथ्वीवरचं सगळं विसरायला होतं, दुःखसुद्धा. ती अजून बोलत असते आणि वाक्य पुरं व्हायच्या आत ते खांद्यावर येतं. मी तिथे फिल्म थांबवून रडले. नंतर ती एकदाच मागे वळते आणि पृथ्वीकडे बघताना तिच्या डोळ्यांत पाणी असतं. काय आठवलं, ते तिलाही सांगता येणार नाही.

वाक्य अर्धं राहण्याची मला भीती वाटते. जाण्याची वाटते तेवढीच.

म्हणून बाबा, ती निळी फाईल कपाटात आत ठेवू नका, वरच राहू दे. पुढच्या महिन्यात येते, तेव्हा पहिल्या पानापासून वाचू. काय हवं, काय नको, कुठवर उपचार करायचे, सगळं तुमच्या तोंडून सांगा. मध्ये माझे डोळे भरून आले तर थांबू नका, वाचत राहा.

आणि आई, माझ्या फिल्ममध्ये दार उघडल्यानंतरचे शेवटचे पाच सेकंद अजून कोरे आहेत, म्हणजे साठ कागद. पुढच्या जन्मी तू कोण होणार, ते त्या रात्री मी ऐकून घेतलं नाही. आता नीट सांग. कागद आणि पेन्सिल मी घेऊन येते.

तुमची,
लेक