खटकणाऱ्या शब्दप्रयोगांविषयी सभासदांस सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पुढील बैठकीत प्रत्येकाने आपल्या कानाला टोचणारा एकच शब्दप्रयोग, तो का टोचतो या कारणासह, लेखी आणावा. ‘बेसिकली’ आणि ‘ॲक्च्युअली’ यांवर पुरेसे बोलून झाले असल्याने ते वगळावेत. ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’ ही पालुपदे निरर्थक वाटली, तरी पुढचे वाक्य जुळेपर्यंत बोलण्याची पाळी स्वतःकडे राखण्याचे काम ती करतात, हे तक्रारदारांनी ध्यानात घ्यावे.

‘माझी मदत कर’ याची गोष्ट वेगळी आहे. मराठीत मदत ‘मला’ केली जाते. ‘माझी’ हे रूप हिंदीतील ‘मेरी मदत करो’ या रचनेच्या वळणाने आले आहे. ‘तो मला बोलला’ हे वाक्य मात्र जपून तपासावे लागेल, कारण काहींच्या तोंडी त्याचा अर्थ केवळ ‘म्हणाला’ असा असतो, तर इतरांना त्यातून तो रागावल्याचेच ऐकू येते, आणि निम्मी चिडचिड या गैरसमजातून होते. ‘राग मानू नका, पण’ या सुरुवातीचा बचाव करणारा सभासद अद्याप भेटलेला नाही. ती ऐकताच ऐकणारा रागावण्याच्या तयारीला लागतो.

बोलणाऱ्याला मध्येच अडवून त्याचे शब्द दुरुस्त करू नयेत. मागील बैठकीत एका सभासदाला याच कारणाने आपले वाक्य चार वेळा पहिल्यापासून सुरू करावे लागले.

— कार्यवाह