हार्डनिंग-तपासणीचे खोटे अपयश उलगडून दाखवणाऱ्या मेंटेनर महोदयांना आभारपत्र

आदरणीय महोदया,

सप्रेम नमस्कार.

आमच्या पॅकेजची हार्डनिंग-तपासणी (प्रोग्राममध्ये हल्ल्यांपासूनची संरक्षणे आहेत का, याची चाचणी) एकाएकी नापास होऊ लागली, तेव्हा आपण स्वतःची कामे बाजूला ठेवून जी मदत केलीत, तिच्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण इतकेच की, याच अडचणीत सापडलेल्या इतरांनाही आपण दाखवलेली वाट उपयोगी पडावी.

कोडमध्ये काहीही बदल झालेला नव्हता आणि बिल्ड-लॉगमध्ये स्टॅक प्रोटेक्टर, फॉर्टिफाय सोर्स हे मेमरीतील गडबड पकडणाऱ्या संरक्षणांचे फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय) जागच्या जागी दिसत होते. तरीही अ‍ॅनोचेक हे तयार प्रोग्राम-फाइलची (बायनरीची) हार्डनिंग तपासणारे साधन दोन्हींपुढे 'फेल' असाच शेरा देत होते. रिलीजची तारीख तोंडावर आल्यामुळे तपासणीच तूर्त बंद ठेवावी, असा सूर आमच्याकडे निघू लागला होता. आपण मात्र अहवाल नीट वाचून त्यातली संगती हेरलीत: रेलरो, बाइंड-नाऊ यांसारख्या लिंकरच्या (तुकडे जोडून अंतिम फाइल बनवणाऱ्या साधनाच्या) चाचण्या उत्तीर्ण होत्या आणि नापास झालेल्या चाचण्या कंपायलरच्या होत्या. लिंकरच्या खुणा अ‍ॅनोचेक थेट ईएलएफ फाइलच्या (लिनक्सवरील प्रोग्राम-फाइलच्या) रचनेतून वाचते, तर कंपायलरने कोणते पर्याय वापरले हे जाणण्यासाठी ते प्रामुख्याने अ‍ॅनोबिन या कंपायलरला जोडलेल्या प्लगइनने फाइलमध्ये लिहिलेल्या नोंदींवर विसंबते. म्हणून आधी त्या नोंदींवर संशय घ्यावा, हे आपले निदान अचूक ठरले.

कारणाची फोडही आपण तितक्याच आस्थेने केलीत. जीसीसी या कंपायलरने प्लगइनची सोय २०१० साली ४.५ या आवृत्तीत आणली, पण प्लगइनसाठी स्थिर एबीआयची (बिल्ड झालेले भाग ज्या अंतर्गत मांडणीवर एकमेकांशी जुळतात तिची) हमी दिली नाही. कंपायलरचे पर्याय ज्या स्ट्रक्चरमध्ये (माहितीच्या ठरीव मांडणीत) राहतात, ते जीसीसी बिल्ड होताना तयार होते. मधे एखादा नवा पर्याय आला की पुढच्या फील्डची जागा सरकते आणि जुन्या हेडर फाइल्सवर बिल्ड केलेले प्लगइन भलत्याच जागेची किंमत वाचून तीच नोंदवते. आम्ही जीसीसीची रिलीजपूर्व आवृत्ती वापरत असल्याने आवृत्तीचा मुख्य क्रमांक कंपायलर आणि प्लगइन दोन्हीकडे सारखाच होता, त्यामुळे ही तफावत सहजी कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखी नव्हती.

मला सर्वांत मोलाची वाटली ती आपली पुढची सूचना. दुरुस्ती सांगण्याआधी आपण आम्हाला ऑब्जडम्प या साधनाने बायनरीचे डिसअसेंब्ली (तिच्यातील यंत्र-सूचनांचे वाचनीय रूप) काढायला लावलेत. त्यात स्टॅक-चेक-फेलकडे जाणारे कॉल (स्टॅक प्रोटेक्टरची खूण) होते आणि साध्या मेमकॉपीच्या जागी ठिकठिकाणी मेमकॉपी-चेक (फॉर्टिफाय सोर्सची खूण) होते. संरक्षण शाबूत होते, चूक फक्त त्याच्या दप्तरात होती, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर तपासणी बंद करण्याचा विषयच मिटला. त्या घाईत ती बंद झाली असती, तर पुढे एखादा फ्लॅग खरोखर गळाला असता तरी आम्हाला पत्ता लागला नसता.

नोंदी बायनरीतच कोरलेल्या असतात, तेव्हा प्लगइन नव्या कंपायलरवर बिल्ड केल्यानंतर पॅकेजही पुन्हा बिल्ड करावे लागेल, हेही आपण आवर्जून बजावलेत. तसे करताच सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या. आता कंपायलर आणि प्लगइन एकाच बिल्डचे नसतील, तर आमची बिल्ड-स्क्रिप्ट पहिल्याच पायरीवर थांबते. आपल्या या मदतीबद्दल आमच्या संपूर्ण चमूतर्फे मनःपूर्वक आभार.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
एक पॅकेज-मेंटेनर