पैसे देऊन राबायला गेले होते

डेन्व्हर,
जूनचा पहिला आठवडा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "पैसे देऊन मजुरी करायला गेलीस होय? त्यापेक्षा इकडे ये, कापूस वेचायला बाया मिळत नाहीत." मी नुसती हसले. गेले होते ती रँचवर, म्हणजे गुराघोड्यांच्या मोठ्या फार्मवर, घोडी हाकायला. मागून बाबा "किती घोडी होती? कुठल्या जातीची?" असं ओरडत होते आणि तू काही फोन त्यांच्या हातात देत नव्हतीस. म्हणून दोघांना मिळून हे पत्र. बाबांच्या वाट्याचं जरा लांबेल.

डेन्व्हरहून उत्तरेला निघालं की महामार्ग सरळ वायोमिंग राज्यात शिरतो. कॅस्पर लागतं, बफेलो लागतं, मग शेरिडन. सगळं मिळून 700 किलोमीटर. हे राज्य महाराष्ट्रापेक्षा थोडंच लहान, पण अख्ख्या राज्यात माणसं 6 लाखांहून कमी. वाटेत पेट्रोल पंप दिसला की टाकी भरून घ्यायची, पुढचा कधी येईल याचा नेम नाही. शेरिडनच्या पश्चिमेला बिगहॉर्न डोंगर आहेत. मे संपत आला तरी त्यांच्या माथ्यावर बर्फ होता. खाली गवताच्या टेकड्या आणि सेजब्रश नावाचं राखाडी हिरवं झुडूप, नजर जाईल तिथवर. टापांखाली ते चुरडलं की कापरासारखा उग्र वास सुटतो. अंगातल्या कपड्यांतून तो अजून गेलेला नाही.

आता मजुरीचं. या भागातल्या रँचवर उन्हाळ्यात घोड्यांना भरपूर काम असतं, हिवाळ्यात काहीच नसतं. म्हणून थंडीच्या तोंडावर त्यांचे नाल काढतात आणि त्यांना लांबच्या मोठ्या कुरणात मोकळं सोडून देतात. तिथे ती बर्फ खुरांनी उकरून खालचं वाळलेलं गवत खातात, अंगावर बोटभर केस वाढवतात, आणि माणूस नावाचा प्राणी असतो हे जवळजवळ विसरून जातात. वसंतात कोणीतरी जाऊन त्यांना गोळा करायचं, हाकत रँचवर आणायचं, तपासायचं आणि पुन्हा खोगिराखाली घ्यायचं. याला राउंडअप म्हणतात. आई, तुला मामेभावानं जो हेलिकॉप्टर घोड्यांच्या मागे लागल्याचा व्हिडिओ पाठवला, तो प्रकार वेगळा. ती सरकारी जमिनीवरची रानटी मस्टँग घोडी. त्यांना 1971 च्या कायद्यानं संरक्षण आहे, आणि संख्या वाढली की सरकारच त्यांना पकडतं. त्यावर इथे कोर्टकचेऱ्या चालूच असतात. आमची घोडी मालकीची, डाग दिलेली, बहुतेकांना नावं असलेली होती.

पाहुण्यांकडून पैसे घेऊन हे काम करवून घेण्याची युक्तीही आजची नाही. ईटन नावाच्या भावांनी 1879 मध्ये डाकोटात रँच सुरू केली. पूर्वेकडचे मित्र यायचे, मुक्काम ठोकायचे, आठवडेच्या आठवडे जेवायचे. शेवटी पाहुण्यांनाच लाज वाटली आणि त्यांनी पैसे देऊ केले. पुढे 1904 मध्ये त्या भावांनी शेरिडनजवळ वुल्फ इथे बस्तान हलवलं. ती रँच अजून चालू आहे. गुरांच्या भावाचा भरवसा नाही, पाहुण्याचे पैसे मात्र आगाऊ मिळतात, हे त्या लोकांना फार लवकर कळलं. मी गेले ती रँच दुसरी, बरीच लहान. किती पैसे दिले ते लिहीत नाही. लिहिलं तर आई जेवायची नाही.

आणि खरं सांगायचं तर त्यात थोडं नाटकही असतं. पाहुणे नव्या कोऱ्या हॅट घालून येतात, सूर्य उगवला की फोटो काढतात. अवघड ठिकाणी, म्हणजे ओढ्याच्या उताराला किंवा डांबरी रस्ता ओलांडताना, पगारी माणसंच पुढे असतात. आमच्याशिवाय त्यांचं अडलं असतं असं मुळीच नाही, कदाचित लवकरच उरकलं असतं. पण अधली मधली लांबलचक बाजू धरून ठेवायला माणसं लागतात, आणि तिथे आम्ही खरोखर उपयोगी पडलो. तेवढ्यानंही मला फार बरं वाटलं, आई. ऑफिसमध्ये मी दिवसभर जे करते ते कोणाच्या उपयोगी पडतं का, हे मला कधी दिसत नाही. इथे मी जागा सोडली की लगेच चार घोडी त्या फटीतून निसटणार होती.

बाबा, आता तुमच्यासाठी. शंभरावर घोडी होती. बहुतेक क्वार्टर हॉर्स. उंचीला बेताची, मागून भरदार, जागच्या जागी वळणारी. मारवाडी, काठियावाडीचे ते आत वळून टोकांना टेकणारे कान इथे कोणालाच नाहीत, त्यामुळे पहिले काही तास मला सगळी घोडी भोळीच दिसत होती. कुमाईत रंगाची सर्वांत जास्त, काही अबलख, आणि एक अगदी पुस्तकातल्यासारखी, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली पंचकल्याणी घोडी. मी मुकादमबाईंना सांगितलं की आमच्याकडे हिची किंमत दुप्पट लावतील. त्या म्हणाल्या, पांढऱ्या पायांचे खूर मऊ असतात असं त्यांचे आजोबा म्हणायचे. (मुकादमबाई म्हणजे तिथल्या मुख्य रँगलर, घोडी सांभाळणाऱ्या. वय साठीच्या पुढे, आवाज तुमच्या पंचायत समितीच्या सभापतींसारखा.) भोवऱ्यांवर मात्र त्यांचाही विश्वास निघाला. कपाळावर दोन भोवरे असलेलं घोडं पाहुण्याला देत नाहीत.

मला बिस्किट नावाचा घोडा दिला होता. वय कागदावर एकोणीस. दात बघितले असते तर तुम्ही जास्त सांगितलं असतं. इथलं खोगीर पंधरा किलोच्या वर भरतं, पुढे दोर गुंडाळायला खुंट असतो. तंग नीट कसलाय की नाही हे मुकादमबाई स्वतः हात घालून बघायच्या, कारण काही घोडी कसताना पोट फुगवून ठेवतात आणि मग सोडतात. लगाम एका हातात धरायचा. तो मानेवर नुसता टेकवला की घोडं वळतं, ओढाओढ नाही. दुसरा हात मोकळा ठेवायचा, दोरासाठी. माझा मोकळा हात बराच वेळ खुंट धरून होता, हे आईला सांगू नका.

मला वाटलं होतं चौखूर उधळायचं, धुरळा उडवायचा. तसं काही वेळ झालंही. सकाळी कुरणाच्या दूरच्या टोकाला कळप बुजला आणि सगळी टेकडी उतरून खाली आली, तेव्हा जमिनीची थरथर रिकिबीतून पायात आली. पण बाकी सगळं काम उभं राहण्याचं. कुठे उभं राहायचं, किती अंतरावर, कुठे तोंड करून. प्रत्येक जनावराभोवती त्याची एक हद्द असते. तिच्या कडेला आपण पाय ठेवला की ते चालू लागतं, मागे सरलो की थांबतं. खांद्याच्या मागून गेलं तर पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलं तर वळतं. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी नाकापुढचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून तिथून जायचंच नाही. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत टेम्पल ग्रँडिन म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी गुरांच्या बाबतीत हे सगळं आकृत्या काढून शिकवलंय. मुकादमबाईंनी मात्र काठीनं मातीत दोन रेघा ओढल्या आणि म्हणाल्या, ढकलू नका, जागा द्या, ते आपणहून जाईल.

बाबा, तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात हेच करायचात. बुजलेली म्हैस खोड्यात जाईना की मालक शेपटी पिरगाळायला लागायचा आणि तुम्ही त्याला बाजूला करायचात. मग तिच्या खांद्याशी, थोडं तिरकं उभं राहायचात. डोळ्याला डोळा नाही, हात खाली, तोंडानं अहिराणीत काहीतरी पुटपुटणं. दोन मिनिटांत म्हैस आत. लहानपणी मला वाटायचं तुम्ही तिला मंत्र घालता. मी मुकादमबाईंना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "वडील काय बोलायचे तिच्याशी?" मला सांगता येईना. काय बोलायचात?

रँचवर पोचल्यावरचा भाग तुम्हाला सर्वांत आवडला असता. पाहुण्यांना तो कंटाळवाणा वाटतो, बरेच जण अंघोळीला गेले. एकेक घोडं चिंचोळ्या वाटेतून आत घ्यायचं. जंताचं औषध पेस्टच्या पिचकारीतून जिभेवर मागे सोडायचं. मग लसी: धनुर्वात, मेंदूज्वराचे दोन प्रकार, वेस्ट नाईल, रेबीज. रक्ताचा नमुनाही घेतात. तुम्ही सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगासाठी घ्यायचात, तो रोग इथून कधीच हद्दपार झालाय. हा नमुना घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठी. त्याचा दाखला नसेल तर घोडं दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. मी नोंदवही धरून उभी होते. डाग, रंग, खुणा, औषध, सही. माझं अक्षर बघून मुकादमबाई खूश झाल्या. ते अक्षर कोणी छडी घेऊन गिरवून घेतलं होतं ते आईला माहीत आहे. शेवटी नालबंद आला. सहा ते आठ आठवड्यांनी नाल बदलतात. वाढलेली खुरं कापली की त्या कापा कुत्री आवडीनं पळवतात, हे मात्र मी पहिल्यांदा पाहिलं.

तुम्ही विचारणार, म्हातारी झाली की काय करतात. मीही विचारलं. त्या रँचवर काहींना शेवटपर्यंत कुरणात ठेवतात, बिस्किटचंही तसंच ठरलंय. पण सगळ्यांना पोसणं परवडत नाही, काही लिलावात जातात. अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने 2007 मध्ये बंद पडले, त्यामुळे लिलावातली काही घोडी ट्रकमधून कॅनडा नाहीतर मेक्सिकोला जातात. प्रवास जास्त, शेवट तोच. मुकादमबाईंनी काही लपवलं नाही. फक्त बोलताना खरारा करणं थांबवलं नाही.

जेवणाचं म्हणशील आई, तर पहाटे चारला उठवायचे आणि पाचला पॅनकेक, अंडी, राजमा. बीफ प्रत्येक जेवणाला असायचंच, रँचच ती. मी नको म्हटल्यावर स्वयंपाकीणबाईंनी मला वेगळा राजमा काढून ठेवला, त्यात चरबी घातलेली नाही असं तीनदा सांगितलं. तू दिलेली लसणाची चटणी डब्यातून काढली तर एक टेक्सासचे आजोबा रोज माझ्याच शेजारी बसायला लागले. पुढच्या पार्सलमध्ये दुप्पट घाल.

अंग अजून दुखतंय. मांड्यांचे आतले स्नायू असतात हे मला माहीतच नव्हतं. पडले नाही, काही मोडलं नाही, हेल्मेट घातलं होतं. तिथे हॅटवाले हेल्मेटवाल्यांना हसतात. हसू देत.

डिसेंबरचं तिकीट काढलंय. दत्तजयंतीच्या आधी घरी पोचते. बाबा, यंदा सारंगखेड्याला आपण सकाळी लवकर जाऊ, गर्दी व्हायच्या आत, आणि तुमचा गुडघा चालेल तेवढंच फिरू. तापीच्या काठाला खुर्ची टाकून बसलात तरी चालेल. मी एकेक घोडं तुमच्यापुढे चालवत आणायला सांगते, तुम्ही दात आणि खूर बघून भाव सांगा. व्यापारी चिडतील, पण ते तर दरवर्षीच चिडायचे. एकमुखी दत्ताला नारळ आई फोडेल.

आणि आई, विकत काही घेणार नाही. अंगणात बांधायला जागा नाही हे मला माहीत आहे. बाबांना तेवढं तू सांगून ठेव.

गुडघ्याचा एक्स-रे काढला का, ते कळवा. गोळ्यांचा फोटो पाठवा, नुसतं "चालू आहे" लिहू नका.

तुमची,
ताई

ता. क. बिस्किटचा फोटो सोबत पाठवतेय. बाबा, डाव्या मागच्या पायाकडे बघा. मला तो किंचित आखडून टाकतोय असं वाटलं. मुकादमबाई म्हणाल्या, वयाचं आहे. तुम्हाला काय वाटतं?